जुन्या फोटोतली अनोळखी युरोपियन स्पोर्ट्स कार कशी ओळखायची

आपल्या सांगली-मिरजेकडं जुन्या वाड्यातनं अल्बम निघतात, कुणाचे तरी पणजोबा विलायतेला शिकायला गेलेले असतात आणि एखाद्या फोटोत ते पिटुकल्या दोन सीटच्या गाडीला टेकून उभे असतात, मग तो फोटो ग्रुपवर येतो आणि दोन मिनिटात कोणीतरी ‘बुगाटी’ (फ्रान्सची नावाजलेली रेसिंग गाडी) म्हणून मोकळा होतो. टोकदार शेपटी आणि तारेची चाकं दिसली की बुगाटी, असं नसतंय बघा. 1920 च्या दशकात एकट्या फ्रान्समध्येच अशा गाड्या बनवणारे कितीतरी छोटे कारखाने होते, आणि त्यांची नावं विसरली गेली म्हणूनच ती नीट शोधायला पाहिजेत.

पहिलं म्हणजे बॉडी शेवटी बघायची. बॉडी बऱ्याचदा दुसऱ्याच कारागिराने चढवलेली असते, पुढं मालकाने बदललेली असते. चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, एक्सल म्हणजे चाकांचा दांडा, पाटे म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगा, हे सहसा तेच राहतात, त्यामुळं फोटो चांगला मोठा स्कॅन करा आणि खालून वर बघत या.

मागच्या चाकाजवळ पाटा दिसतोय का बघा. चासीत एक टोक घट्ट बसवलेला आणि दुसऱ्या टोकाला एक्सल धरलेला अर्धवट पाटा असेल तर अमिलकार, साल्मसन ही फ्रेंच नावं डोक्यात ठेवा, पण बुगाटीच्या मागंही अर्धवटच पाटा असतो, फक्त उलटा, म्हणजे मागनं पुढं आलेला. मागं चेन दिसली तर इंग्लंडची जीएन असू शकते, तिला डिफरन्शियल, म्हणजे वळताना दोन्ही चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग, नव्हताच. आणि ड्रायव्हर मागं, पॅसेंजर पुढं असे एकामागोमाग बसलेले असतील, चाकाकडं पट्टा जात असेल, तर 1910 च्या सुमाराची फ्रेंच बेदेलिया शोधा.

या गाड्या इतक्या हलक्या का, हे कळलं की ओळखणं सोपं जातं. 1912 ला सायकलकारची, म्हणजे अशा हलक्या छोट्या गाडीची, आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरली, मोठ्या वर्गाला इंजिन 1100 सीसीपर्यंत आणि वजन 350 किलोपर्यंत. 1920 ला फ्रान्सने याच मापाच्या दोन सीटच्या गाड्यांना टॅक्समध्ये सवलत दिली, म्हणून कारखानदारांनी पत्रा, दरवाजे, ब्रेक जे कमी करता येईल ते केलं. पुढच्या चाकात ब्रेकचा ड्रम नसेल तर गाडी बहुतेक 1924 च्या आधीची धरा, मात्र ड्रम दिसला म्हणून लगेच नंतरची म्हणू नका, कारण ते मागाहूनही बसवत.

आता इंजिन. बॉनेट उघडा असेल आणि ब्लॉकवर ‘रुबी’, ‘सिम’, ‘स्कॅप’ किंवा ‘शाप्वी-दोर्निए’ वाचता आलं तर आनंद होतो, पण ते गाडीचं नाव असेलच असं नाही. हे इंजिन विकणारे कारखाने होते आणि कितीतरी गाडीवाले त्यांचीच इंजिनं घेत. आपल्याकडं उसाच्या रसाच्या गाड्यावर किर्लोस्करचं इंजिन असलं म्हणून गाडा किर्लोस्करचा होत नाही, तसंच. साल्मसनचं मात्र स्वतःचं इंजिन, आणि तिच्या सुरुवातीच्या गाडीची मोठी खूण म्हणजे प्रत्येक सिलिंडरला एकच पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह (इंजिनातली झडप) हलवणारी काडी, तीच ढकलून एक व्हॉल्व्ह उघडते आणि ओढून दुसरा. साल्मसनच्या बऱ्याच स्पोर्ट मॉडेलच्या रेडिएटरवर मोठी फुलीही असते, एवढी एक गोष्ट दिसली तरी अर्धं काम झालं.

तीन चाकं, पुढं उघडं व्ही-ट्विन (व्ही आकारात दोन सिलिंडरचं) इंजिन, म्हणजे इंग्लंडची मॉर्गन असं सगळे म्हणतात. तेच रूप आणि प्लेट फ्रेंच असेल तर दारमों बघा, ती मॉर्गनच्या लायसन्सवर फ्रान्समध्ये बनायची.

नंबरप्लेट गाडी कुठं बनली ते सांगत नाही, कुठं आणि साधारण कधी नोंदली ते सांगते. फ्रान्सची पद्धत 1928 ला आणि परत 1950 ला बदलली, 1950 नंतर शेवटी जिल्ह्याचा आकडा यायचा, पॅरिसला 75. इटलीत 1927 पासून 1994 पर्यंत शहराची अक्षरं असायची, एमआय म्हणजे मिलान, टीओ म्हणजे तुरिन. आणि स्टिअरिंग उजवीकडं म्हणून इंग्लंडची गाडी असं धरू नका, बुगाटी आणि इटलीच्या जुन्या लान्सियाही उजव्या हाताच्याच.

युद्धानंतरच्या बारक्या इटालियन गाड्या, स्तांग्वेलिनी, सियाता, बांदिनी, यांना फियाटचे भाग फार असतात. आपल्याकडच्या डुक्कर फियाटचं 1089 सीसीचं इंजिन ज्यांनी उघडलंय त्यांना तोच ब्लॉक तिथं ओळखीचा वाटेल, म्हणून आपल्या जुन्या मिस्त्रींना हे फोटो जरूर दाखवा.

फोटो कुणाला पाठवताना कापू नका, मागची पाटी, स्टुडिओचा शिक्का, कोपऱ्यातली दुसरी गाडी सगळं राहू द्या, आणि मागच्या बाजूला पेनने काही लिहिलेलं असेल तर त्याचाही फोटो सोबत जोडा.