खेप संपली, पण ऑब्जेक्ट मेला का?

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर चालणारी एक पायथन सर्व्हिस मी सांभाळते. गाळप हंगामात ती दिवसरात्र चालू असते. भरलेली गाडी काट्यावर आली की ‘खेप’ या क्लासचा एक ऑब्जेक्ट तयार होतो. ऊस गव्हाणीत पडला, रिकामी गाडी परत काट्यावर आली आणि पावती निघाली, की त्याचं काम संपतं. अशा सर्व्हिसची मेमरी चढत चालली की पहिला सल्ला मिळतो तो रोज रात्री रीस्टार्ट लावण्याचा. खुशाल लावा, झोप महत्त्वाची. पण रीस्टार्टबरोबर पुरावाही जातो, म्हणून त्याआधी काय करायचं ते सांगते.

मेमरीच्या आलेखाकडे फार वेळ बघत बसू नका. ऑब्जेक्ट मेले (त्यांना धरणारा एकही रेफरन्स उरला नाही) तरी पायथन ती मेमरी ऑपरेटिंग सिस्टिमला लगेच परत देईलच असं नाही. मग आलेख चढलेलाच राहतो आणि नसलेली लीक (काम संपूनही न सुटलेली मेमरी) दिसायला लागते. मी वेगळंच विचारते: एव्हाना कोण मरायला हवं होतं, आणि कोण अजून जिवंत आहे?

याचं उत्तर कोडपेक्षा धंद्यात सापडतं. दोन वजनांच्या मधे आवारात जितक्या गाड्या, तितक्याच खेपा जिवंत हव्यात. आत तीस गाड्या आहेत आणि प्रोसेसमध्ये चार हजार खेपा, असं दिसलं तर वाद संपला. तुमच्या क्लाससाठीही आधी एक वाक्य लिहून काढा: हा अमुक घटनेला जन्मतो आणि तमुक घटनेनंतर नसतो. ज्याच्याबद्दल असं वाक्य लिहिताच येत नाही, त्याच्या मागे तूर्तास लागू नका.

आता नगरपालिकेसारखी जन्म-मृत्यूची नोंदवही उघडायची. ही एक साधी ग्लोबल डिक्शनरी. डंडर इनिटमध्ये (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारी मेथड; डंडर म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर) प्रत्येक खेपेला चढता अनुक्रमांक द्या; त्यासाठी इटरटूल्समधला काउंट पुरतो. आयडी फंक्शनचा आकडा वापरू नका. सीपायथनमध्ये (म्हणजे नेहमीच्या पायथनमध्ये) तो मेमरीतला पत्ता असतो आणि एक ऑब्जेक्ट मेला की तोच पत्ता दुसऱ्याला मिळू शकतो. मग लॉगमध्ये सकाळी मेलेली खेप दुपारी परत चालायला लागते. अनुक्रमांकासमोर जन्माची वेळ आणि गाडी नंबर असा निव्वळ मजकूर ठेवा. तिथे ऑब्जेक्टच ठेवलात, तर नोंदवहीच त्याला मरू देणार नाही.

मृत्यूच्या नोंदीसाठी वीकरेफ मॉड्यूलमधलं फायनलाइझ वापरा. वीक रेफरन्स ऑब्जेक्टकडे बोट दाखवतो, पण त्याला जिवंत ठेवत नाही. फायनलाइझ पायथन 3.4 पासून आहे. त्याला ऑब्जेक्ट, एक फंक्शन आणि अनुक्रमांक द्यायचा. ऑब्जेक्ट गेला की ते फंक्शन चालतं आणि डिक्शनरीतली ओळ काढून टाकतं. फंक्शन मॉड्यूलच्या पातळीवरचं हवं. त्याच खेपेची मेथड दिलीत तर तिच्यात सेल्फ, म्हणजे ती खेपच, अडकतो आणि खेप अमर होते. डंडर डेल (ऑब्जेक्ट मरताना चालणारी मेथड) मी या कामासाठी वापरत नाही: सबक्लासमध्ये कुणी स्वतःची लिहिली आणि सुपर बोलवायला विसरलं, की नोंद गायब.

फायनलाइझच्या तीन खोडी माहीत असू द्या. क्लासमध्ये स्लॉट्स (अ‍ॅट्रिब्यूटची ठरीव यादी) वापरले असतील तर त्यांत डंडर वीकरेफही लिहावं लागतं. प्रोग्राम बंद होताना उरलेली सगळी फंक्शनं चालतात आणि शेवटच्या क्षणी सगळे वेळेत गेल्यासारखं दिसतं, म्हणून त्याचं अ‍ॅटएक्झिट फॉल्स करा. तिसरी खोडी जास्त वाईट. हे फंक्शन कुठल्या थ्रेडमध्ये आणि कधी चालेल याचा भरवसा नाही. गार्बेज कलेक्टर (जीसी; एकमेकांना धरून बसलेले बेवारस ऑब्जेक्ट साफ करणारा पायथनचा भाग) मधेच जागा होतो. त्यात लॉक घेऊ नका, डेटाबेसला हात लावू नका. डिक्शनरीतून ओळ काढा आणि बाहेर पडा.

नोंदवही वाचायला लिनक्सवर यूएसआर-वन सिग्नल (चालू प्रोसेसला बाहेरून मारलेली हाक) सोयीचा. काट्याच्या खोलीतलं मशीन बहुधा विंडोजचं, तिथे तो नाही. मी एक छोटा एचटीटीपी पत्ता ठेवते. सगळ्यांत म्हाताऱ्या वीस खेपा वर, एवढंच पान. बघण्याआधी जीसी मॉड्यूलचं कलेक्ट एकदा चालवा. जिवंत खेपांचा आकडा धाडकन खाली आला तर ती लीक नव्हे: दोन ऑब्जेक्ट एकमेकांना धरून होते आणि कलेक्टर यायची वाट पाहत होते. तिथे मुलाकडून पालकाकडे जाणारा रेफरन्स वीक करा. आकडा हललाच नाही, तर कुणीतरी खेपेला घट्ट धरून ठेवलंय.

धरणाऱ्याला शोधायला आधी खेप हातात हवी. जीसीच्या गेट-ऑब्जेक्ट्समधून टाइप बरोबर खेप असलेले ऑब्जेक्ट गाळून घ्या. हे हळू चालतं, म्हणून गर्दीच्या वेळी नको. मग त्यांतल्या एका म्हाताऱ्या खेपेवर गेट-रेफरर्स चालवा; तिला कोण धरून आहे ते कळतं. उत्तरात तुमचीच यादी आणि तुमचीच फ्रेम (चालू फंक्शन आणि त्याचे व्हेरिएबल) येईल, ती सोडून द्या. बऱ्याचदा हाती एक बिनचेहऱ्याची डिक्शनरी लागते. मग ती कुणाची, असं एकेक पायरी वर चढायचं. कंटाळा आला तर ऑब्जग्राफ नावाचं पॅकेज ही साखळी थेट मॉड्यूलपर्यंत काढून देतं. शेलमध्ये बसून हे करत असाल तर एक लक्षात ठेवा: तिथला अंडरस्कोर शेवटचं उत्तर धरून ठेवतो. कितीतरी ‘लीक’ तिथेच असतात.

धरणारे बहुतेक ओळखीचेच निघतात. मेथडवर लावलेला एलआरयू कॅश (आधीची उत्तरं साठवून ठेवणारा) हा एक. त्याच्या कीमध्ये सेल्फ जातो. मर्यादा न सांगितल्यास 128 नोंदी राहतात, मर्यादा नन (None) केली तर एकही सुटत नाही. डिस्प्ले बोर्डाला अपडेट द्यायला नोंदवलेली आणि कधीच न काढलेली मेथड हा दुसरा. तिथे वीकमेथड (मेथडचा वीक रेफरन्स) चालतं.

आमच्याकडे मात्र हटकून सापडतो तो एक्सेप्शन, म्हणजे काही बिघडल्यावर पायथन फेकतं तो ऑब्जेक्ट. मुख्य सर्व्हर बंद असला की पावती पाठवता येत नाही, म्हणून ‘नंतर पाठवू’ अशी एक यादी असते आणि तिच्यात पावतीच्या आकड्यांबरोबर पकडलेला एक्सेप्शनही जातो. दिसायला निरुपद्रवी. पण एक्सेप्शनला ट्रेसबॅक (चूक कुठून कुठे आली ती साखळी) असतो, ट्रेसबॅकला फ्रेम्स, आणि फ्रेममध्ये त्या क्षणीचे सगळे लोकल व्हेरिएबल. त्यांत खेप असतेच, शिवाय वाचलेला वजनाचा बफर आणि कॅमेऱ्याचा फोटोही. एक्सेप्ट ब्लॉक संपताना पायथन ते व्हेरिएबल स्वतः पुसतं खरं, पण यादीने धरलेल्या एक्सेप्शनला काही होत नाही. नेट गेलेल्या रात्री मेमरी का चढते, ते इथे कळतं. ट्रेसबॅक मॉड्यूलने त्याचा मजकूर करून घ्या आणि तोच ठेवा.

ट्रेसमॅलॉकचं, म्हणजे मेमरीचा माग ठेवणाऱ्या पायथनच्या मॉड्यूलचं, नाव कुणीतरी काढेलच. ते चांगलं आहे, पण मेमरी कुठल्या ओळीने घेतली ते सांगतं, कोण धरून बसलंय ते नाही. शिवाय ते चालू असताना प्रोग्राम मंदावतो. कुठल्या क्लासवर संशय घ्यावा हेच कळत नसेल तेव्हा मी ते वापरते.

दुरुस्ती झाली की टेस्ट लिहा. जीसी बंद करा, खेप तयार करा, तिला वीकरेफ घ्या, पूर्ण प्रवास करवा, हातातलं व्हेरिएबल डेल करा आणि वीकरेफ नन देतो का ते तपासा. सीपायथनमध्ये शेवटचा रेफरन्स सुटताच ऑब्जेक्ट जातो, म्हणून ही टेस्ट जमते. पायपायवर (पायथन चालवणारा दुसरा प्रोग्राम) तसं नाही, तिथे आधी कलेक्ट करावं लागेल. मग हीच टेस्ट सर्व्हर बंद असल्याचं सोंग करून परत चालवा, आणि पावती छापताना कागद संपल्याचं सोंग करूनही. सरळ वाटेने गेलेल्या खेपा सहसा मरतातच.