क्लार्क म्हणून भरती होताय? मग रायफल आधी नीट शिकून घ्या, कशी ते सांगतो

गणपतीत माझा भाचा पेढे घेऊन आला, अग्निवीरमध्ये सिलेक्शन झालं, ऑफिस असिस्टंट आणि स्टोअरकीपरच्या कॅटेगरीत. आमच्या पेडण्यातनं कोल्हापूरच्या भरती ऑफिसला जाऊन पास होणं सोपं नाय, म्हणून घरात सगळे खुश. पण जेवताना म्हणतो कसा, "मामा, मला काय बंदूक बिंदूक चालवायची नाय, मी कॉम्प्युटरवर बसणार, फायरिंग ते जीडीवाल्यांचं, म्हणजे जनरल ड्युटीच्या जवानांचं काम." घास हातातच राहिला माझ्या. मी स्वतः १७ वर्षं क्लार्क होतो, टायपिंग केलं, लीव्ह सर्टिफिकेट काढली, पण पहिल्या पोस्टिंगला पहिल्या आठवड्यातच रात्रीच्या गार्डला उभा होतो, हातात इन्सास रायफल आणि समोर काळोख. तेव्हा कुणी विचारत नाय की तू क्लार्क की कुक.

त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितोय, कारण डिचोली, सत्तरी, काणकोण सगळीकडची पोरं ट्रेड्समन आणि क्लार्कमध्ये जातात आणि सगळ्यांच्या डोक्यात हेच असतं.

आधी कशाला शिकायचं ते थोडक्यात. २३ मार्च २००३ ला इराकमध्ये नासिरियाला अमेरिकेच्या ५०७ मेंटेनन्स कंपनीचा ताफा रस्ता चुकून शहरात घुसला. सगळे वर्कशॉपवाले, स्टोअरवाले, ड्रायव्हर. ताफ्यातले ११ जण गेले, काही कैद झाले, त्यात शोशाना जॉन्सन म्हणून एक कुक पण होती. चौकशीत निघालं काय, तर भरपूर हत्यारं ऐन वेळी जाम झाली, वाळवंटातली धूळ आणि साफसफाई नाय. आपल्याकडचं बघायचं तर २ जानेवारी २०१६, पठाणकोट एअरबेस. डीएससीचे, म्हणजे डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान कुकहाऊसमध्ये होते, हातात हत्यार नाय. हवालदार जगदीश चंद रिकाम्या हाताने एका अतिरेक्याच्या अंगावर गेला, त्याचीच रायफल हिसकावली आणि त्याच रायफलने त्याला मारलं, नंतर स्वतः गेला. मरणोत्तर कीर्ती चक्र मिळालं. आता विचार करा, झटापटीत हातात आलेली दुसऱ्याची रायफल त्याच सेकंदाला चालवता यायला हात किती तयार पाहिजे. आणि लांब कशाला, १९६१ च्या डिसेंबरात, गोवा मुक्तीच्या वेळी, अंजदीव बेटावर कोण उतरलं होतं? पायदळ नव्हतं, नेव्हीचे खलाशी होते. त्यातले ७ जण गेले, वास्कोला आयएनएस गोमंतकमध्ये त्यांचं स्मारक आहे.

नर्सिंग असिस्टंटमध्ये जाणारी पोरं म्हणतात आम्हाला तर जिनिव्हा करारात हत्यार चालतच नाय. चालतं रे बाबा. १९४९ च्या पहिल्या करारात कलम २२ आहे, मेडिकलवाल्याने स्वतःच्या आणि आपल्या ताब्यातल्या जखमींच्या बचावासाठी हत्यार ठेवलं तरी त्याचं संरक्षण जात नाय. म्हणजे तुम्ही पण शिका.

आता कसं ते. भरतीला अजून वेळ असेल आणि कॉलेजला असाल तर एनसीसी घ्या, सर्टिफिकेट मिळतंच, पण मुख्य म्हणजे पॉइंट टू टू रायफलवर पहिल्यांदा झोपून गोळी मारायची भीती तिथेच जाते. एनसीसी नसेल तर घरी करण्यासारखं एक काम आहे, आपला मास्टर डोळा कुठला ते शोधा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, त्या फटीतून समोरच्या माडाचा शेंडा दोन्ही डोळ्यांनी बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याने शेंडा फटीतच राहतो तो मास्टर. उजव्या हाताचे असून डावा डोळा मास्टर निघाला तर ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी उस्तादला, म्हणजे शिकवणाऱ्याला सांगा. आमच्या बॅचचा एक पोरगा चार महिने बुल्सच्या, म्हणजे टार्गेटच्या मधल्या ठिपक्याच्या डावीकडे मारत राह्यला आणि शिव्या खात राह्यला, शेवटी कळलं की त्याचा डोळाच दुसरा होता.

बाकी पळणं तुम्ही करताच, केरीच्या किनाऱ्यावर सकाळी बघतो मी. त्यात प्लँक घाला. इन्सास रिकामीच चार किलोच्या वर जाते आणि धाप लागलेली असताना ती स्थिर धरायची असते.

आणि हे करू नका. गावात कुणाकडे शेतीच्या रक्षणासाठी लायसन्सची बंदूक असते, इलेक्शन आलं की पोलीस स्टेशनला जमा करतात ती. काका म्हणेल चल रानडुकरावर प्रॅक्टिस करूया. अजिबात जायचं नाय. लायसन्स त्याचं आहे, तुमचं नाय, केस झाली तर पोलीस व्हेरिफिकेशनला नोकरी गेलीच समजा.

सेंटरला गेल्यावर सगळ्यात आधी ड्राय प्रॅक्टिस असते आणि पोरं तिथेच कंटाळतात, रिकामी रायफल घेऊन मातीत झोपून टकटक करायची म्हणून. पण खरं शिक्षण तेच आहे, रेंजवर फक्त रिझल्ट लागतो. उस्ताद पहिल्या दिवशी ओरडला "शिस्त ले!" आणि मी झोपल्या जागी ताठ झालो, मला वाटलं डिसिप्लिन मागतोय. तिकडे शिस्त म्हणजे नेम. तर शिस्त घेताना पुढच्या साईटचं, म्हणजे नळीच्या टोकाकडच्या नेमाच्या खुणेचं टोक एकदम स्पष्ट दिसलं पाहिजे, टार्गेट थोडं धुरकट दिसलं तर चालतं, डोळा दोन्हीकडे एकदम फोकस करू शकत नाय. नवीन माणूस टार्गेटकडे टक लावतो आणि साईट कुठे गेली त्याला कळत नाय.

अंगाची पोझिशन बरोबर आहे का ते बघायला शिस्त घ्या, डोळे मिटा, दोन श्वास घ्या, उघडा. साईट टार्गेटवरून सरकली असेल तर हाताने ओढून आणू नका, कंबर आणि पाय सरकवा. हाताने ओढलेली रायफल गोळी सुटताना परत आपल्या जागी जाते. श्वास अर्धा सोडून थांबा, तीन-चार सेकंदात ट्रिगर दाबला गेला तर ठीक, नायतर सोडा आणि परत श्वास घ्या, जबरदस्ती केली की डोळ्यापुढे साईट नाचायला लागते. ट्रिगर बोटाच्या पहिल्या पेरावर, हळूहळू दाबत न्यायचा, गोळी कधी सुटली ते आपल्यालाच अचानक कळलं पाहिजे. बॅरलच्या, म्हणजे नळीच्या टोकावर रुपयाचं नाणं ठेवायला सांगा बडीला, म्हणजे जोडीदाराला, आणि ड्राय ट्रिगर दाबा. नाणं पडलं तर बोट झटका मारतंय. मी पहिल्या दिवशी वीसातून सतरा वेळा पाडलं.

झटक्याचं मूळ बहुतेक वेळा भीतीत असतं. आवाज आणि धक्का येणार म्हणून डोळा आधीच मिटतो, खांदा आधीच पुढे जातो. यावर उस्तादला विनंती करा की मॅगझिनमध्ये मध्येच एक डमी राऊंड, म्हणजे न फुटणारी गोळी घाल आणि मला सांगू नको. डमीवर ट्रिगर दाबल्यावर रायफल खाली डोलली की सगळ्यांना दिसतं, तुम्हालाही. लाज वाटते, पण दोन दिवसात सुटतं.

सेफ्टीबद्दल काय सांगू, सगळे सांगतात. बोट ट्रिगरच्या बाहेर, नळी सेफ दिशेला, 'खाली कर' म्हणजे रायफल रिकामी कर म्हटलं की मॅगझिन आधी काढायचं, मग बोल्ट मागे, मग डोळ्याने चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा बघायची आणि काळोख असेल तर बोट घालून चाचपायचं. मी जी गोष्ट डोळ्याने पाहिली ती सांगतो. एका युनिटमध्ये, नाव नको, गार्ड बदलताना एका स्टोअरकीपरने बोल्ट आधी मागे ओढला आणि मॅगझिन नंतर काढलं. म्हणजे वरची गोळी चेंबरमध्ये गेली आणि त्याला वाटलं रिकामी. ट्रिगर दाबला, धाड. वाळूच्या ढिगाकडे नळी होती म्हणून कुणाला काय झालं नाय. तो माणूस वाईट नव्हता, वर्षातनं एकदा रायफल हातात घ्यायचा एवढंच. मला विचाराल तर अर्धवट शिकलेला क्लार्क गार्डला उभा करण्यापेक्षा तिथे कुत्रा बांधलेला बरा, निदान भुंकेल तरी.

म्हणून पोस्टिंगला गेल्यावर जे करायचं ते जास्त महत्त्वाचं आहे. फायरिंगच्या दिवशी ऑफिसमध्ये काम आहे म्हणून सुटका करून घेणारे क्लार्क मी खूप बघितले, हेडक्लार्क साहेबपण म्हणतात, राहू दे, रिटर्न पाठवायचं आहे. पाठवा रिटर्न आदल्या रात्री, पण रेंजवर जा. झिरोइंग, म्हणजे साईट आपल्या नेमाला जुळवणं, स्वतःच्या रायफलची स्वतः करा, दुसऱ्याने झिरो केलेली तुमच्या डोळ्याला लागू पडेलच असं नाय. बट नंबर, म्हणजे रायफलच्या दस्त्यावरचा नंबर पाठ करा, माझा तर रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी झोपेत सांगेन. फायरिंग नसेल त्या महिन्यात कोत एनसीओला, म्हणजे हत्यारखान्याच्या हवालदाराला भेटून दहा मिनिटं ड्राय करायची परवानगी मागा, माणूस चांगला असेल तर देतो, चहा पाजायला लागतो कधीकधी. मॅगझिन बदलणं आणि रोक, म्हणजे रायफल अडकली तर ती सोडवणं डोळे बांधून करा, कारण हल्ला भर दुपारी पत्र पाठवून होत नाय.

साफसफाई. आपण कोकणपट्टीतले, आपल्याला गंज काय ते माहीत आहे, जून ते सप्टेंबर विळा कोयता एका रात्रीत लाल होतो, तर रायफलचं काय होईल. बांबोळी, वास्को असल्या ठिकाणी पोस्टिंग लागलं तर खारी हवा वेगळीच. पुलथ्रू म्हणजे नळीतून ओढायची दोरी, चिंदी, ऑइल, फायरिंगच्या दिवशी आणि नंतरचे सलग काही दिवस परत परत, कारण बॅरलमधली घाण नंतर घाम फुटल्यासारखी बाहेर येते. फायरिंगच्या आधी बॅरल मात्र कोरडी करा. आणि राजस्थानला गेलात तर इथल्यासारखं तेल ओतू नका, तेलाला धूळ चिकटते आणि बोल्ट पिठात मळल्यासारखा होतो.

शेवटी खोखा. गोळी मारल्यावर रिकामं केस उडतं त्याला तिकडे खोखा म्हणतात आणि प्रत्येक खोखा मोजून परत द्यायचा असतो. एक कमी पडला की आख्खी रेंज गवतात रांगते, जेवण बंद, ट्रक थांबलेला, वरनं पाऊस. आम्ही एकदा संध्याकाळी साडेसातपर्यंत शोधला आणि तो माझ्याच बुटाच्या घोट्यात निघाला. भाच्याला सांगितलंय, फायर झाल्यावर उठायच्या आधी बूट झटक.