काकडीवर्गीय वेलींतील नर-मादी फुले आणि संजीवकांची योग्य वेळ

उन्हाळी काकडी, दोडका आणि भोपळा यांची लागवड सुरू होत असताना एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी: वेलीवर मादी फुले किती येतील, याचा बराचसा निर्णय फुले दिसण्याच्या पुष्कळ आधी, रोप दोन ते चार पानांवर असतानाच होऊ लागतो. म्हणूनच वेल नर फुलांनी भरल्यावर घाईने केलेली संजीवकांची (वनस्पतीची वाढ व फुलोरा नियंत्रित करणाऱ्या द्रव्यांची) फवारणी बहुधा वाया जाते.

काकडीची अगदी कोवळी कळी भिंगाखाली पाहिली, तर तिच्यात पुंकेसर आणि स्त्रीकेसर या दोन्हींचे अंकुर दिसतात. पुढे त्यांतील एकाची वाढ थांबते आणि फूल नर किंवा मादी ठरते. काकडीत हा कौल प्रामुख्याने इथिलीन या संजीवकाच्या हाती असतो. ते तयार करणाऱ्या जनुकाची एक जादा प्रत ज्या वाणांत असते, त्यांच्या वेलीवर जवळजवळ सर्वच फुले मादी येतात. जिबरेलिन हे दुसरे संजीवक याच्या उलट वेलीला नर फुलांकडे झुकवते. दिवस मोठा, तापमान जास्त आणि नत्राची मात्रा अवाजवी असेल, तरीही नर फुलांचे प्रमाण वाढते. त्यामुळे उन्हाळी पिकाला सुरुवातीलाच युरियाचा मोठा हप्ता देऊ नये.

काकडीसाठी इथेफॉन (वनस्पतीत गेल्यावर इथिलीन सोडणारे रसायन) वापरायचे असल्यास पहिली फवारणी दोन पानांवर आणि दुसरी चार पानांवर करावी. ३९ टक्के तीव्रतेचे द्रावण १० लिटर पाण्यात सुमारे २.५ मिली मिसळल्यास साधारण १०० पीपीएम (दहा लाख भागांत १०० भाग) तीव्रता मिळते. आपल्या पिकासाठी लेबलवर शिफारस आहे का, हे मात्र आधी पाहावे. विम्लधर्मी (अल्कधर्मी) पाण्यात इथेफॉनचे लवकर विघटन होते, म्हणून द्रावण तयार करताच ते वापरावे. उन्हाने कोमेजलेल्या रोपांवर फवारू नये आणि मात्रा वाढवू नये, कारण त्याने वेल खुजी राहते. कलिंगडावर तर काकडीची शिफारस मुळीच लागू करू नये. तेथे इथिलीनचा परिणाम उलटा होऊन नर फुले वाढतात.

सुरुवातीचे काही दिवस केवळ नर फुले येणे स्वाभाविक आहे, त्याने घाबरून जाऊ नये. मादी फूल ओळखणे सोपे असते, कारण पाकळ्यांच्या मागे इवलेसे फळच दिसते. हे फळ पिवळे पडून गळत असेल, तर मादी फुलांची नव्हे, बहुधा परागीभवनाची उणीव असते. म्हणून फुलोऱ्याच्या काळात सकाळी, मधमाश्या फुलांवर असताना, कीटकनाशक फवारू नये. केवळ मादी फुले देणारे वाण परागीभवनाशिवाय फळ धरणारे नसतील, तर त्यांच्यासोबत नर फुले देणाऱ्या वाणाची काही रोपे त्याच वेळी लावावीत, म्हणजे दोन्ही वेली एकाच सुमारास फुलतील.