नेत्ररोपणानंतरचं वर्ष: डोळ्यासोबत मनही सांभाळताना

पट्टी निघाली की दुसऱ्याच दिवशी लख्ख दिसेल, ही अपेक्षा मोतीबिंदूच्या ऑपरेशनवरून बांधलेली असते. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, पूर्ण जाडीचा बदलला असेल तर नजर स्थिरावायला वर्ष, कधी दीड वर्षही लागतं. केसाहून बारीक नायलॉनचे टाके कॉर्नियाला कमी-जास्त ओढतात, म्हणून अक्षरं वाकडी किंवा दुहेरी दिसतात. टाके निघतील तसा नंबर बदलतो, आणि शेवटी अनेकांना चष्मा किंवा कडक कॉन्टॅक्ट लेन्स लागतेच. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात पेशंट खचतो, त्यामागे बहुधा हाच चुकलेला हिशेब असतो. खरा हिशेब घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. भेटायला येणारा प्रत्येक जण “काय, आता दिसतं ना?” विचारतो, आणि उत्तर देऊन देऊन माणूस थकतो. “वर्षभराचं काम आहे” एवढं सांगून घरच्यांनीच विषय बदलावा.

दुसरी धास्ती रिजेक्शनची, म्हणजे शरीराने नवा कॉर्निया नाकारण्याची. दिवसातून वीस वेळा डोळा झाकून बघण्याने ती वाढतेच. सकाळी एकदाच, ठरलेल्या उजेडात, ठरलेल्या अंतरावरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहा. चांगला डोळा तळहाताने न दाबता झाका, कुठल्या आकाराचे आकडे वाचता आले ते वहीत लिहा आणि वही मिटा. लाली, उजेड न सोसणं, नजर उतरणं, दुखणं यांतलं काहीही नव्याने आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रिजेक्शन वेळेत पकडलं तर औषधांनी बऱ्याचदा आवरतं. ते काही वर्षांनीही होऊ शकतं, म्हणून बरं वाटतंय असं पाहून स्टेरॉइडचे थेंब मनाने बंद करू नका.

थेंबांवरून घरात वाद होतात. आठवण करून देण्याचं काम सुनेऐवजी मोबाइलच्या अलार्मवर सोपवा. दोन औषधांमध्ये पाच मिनिटं ठेवा. दुधाळ औषधाची बाटली आधी नीट हलवा.

रडू आलं तर येऊ द्या. अश्रूंनी टाके तुटत नाहीत; डोळा चोळल्याने मात्र सुटू शकतात. गालावर आलेलं पाणी स्वच्छ टिश्यूने टिपा, पदराने डोळा पुसू नका.

एका डोळ्याला धूसर असेपर्यंत अंतराचा अंदाज चुकतो. चहा ओतताना किटलीचं तोंड कपाच्या काठाला टेकवा, पायऱ्यांच्या कडेला रंगीत पट्टी चिकटवा. स्कूटर डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. इंदूरकरांना सगळ्यात जड जातं ते रंगपंचमीला घरी बसणं. पण राजवाड्याच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, गुलाल आणि पाणी इतकं उंच उडतं की गच्चीतून पाहणंही नको, टीव्हीवर पाहा. सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊबाजारात, मात्र चष्मा लावून, गर्दी वाढायच्या आत, जाऊन यायला हरकत नसते. नक्की कधीपासून ते तपासणीच्या वेळी विचारा.

“दुसऱ्याचा डोळा बसवलाय” हे मनाला टोचतं. बसवलेला असतो फक्त पारदर्शक कॉर्निया. बुबुळाचा रंग आपलाच राहतो. दात्याचं नाव सांगितलं जात नाही, त्यामुळे शोधत बसू नका. कृतज्ञता वाटत असेल तर नेत्रदानाबद्दल घरात बोलून ठेवा, कारण मृत्यूनंतर साधारण सहा तासांत कॉर्निया काढून घ्यायचा असतो आणि तो निर्णय घरच्यांनाच घ्यावा लागतो.

पोटातून स्टेरॉइड चालू असेल तर झोप उडणं, चिडचिड, उदासी हे औषधाचंही काम असू शकतं. गोळी एकदम न थांबवता डॉक्टरांना सांगा. दोन आठवडे झोप, भूक आणि कशातच रस नसेल, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा. सेवा मोफत आणि चोवीस तास आहे. जगणं नको असं वाटलं, तर वाट न पाहता लगेच जवळच्या माणसाला सांगा आणि त्याच्यासोबत दवाखान्यात जा.