सणाच्या जेवणाचे टेबल मांडताना
पाहुणे येण्याच्या आदल्या रात्रीच टेबल मांडून ठेवावे आणि ताटांबरोबर वाढण्याची रिकामी भांडीही त्यावर ठेवून पाहावीत. कारण जागा कमी पडते ती बहुधा ताटांना नव्हे, तर मधल्या मोठ्या भांड्यांना, आणि हे ऐन वेळी लक्षात आले की यजमानाची धांदल उडते. प्रत्येकाला साधारण ६० सेंटीमीटर रुंदीची जागा मिळाली, तर कोपराला कोपर लागत नाही. मधोमध फुले ठेवायची असतील, तर ती बसलेल्या माणसाच्या हनुवटीपेक्षा खाली राहतील इतकी बुटकी असावीत, कारण समोरच्याचा चेहराच दिसला नाही तर गप्पा शेजाऱ्यापुरत्या उरतात. उग्र वासाची फुले आणि सुगंधी मेणबत्त्या दुसऱ्या खोलीतच बऱ्या. एका संचातली ताटे पुरत नसल्यास दोन प्रकारची ताटे एकाआड एक मांडावीत, म्हणजे ती मुद्दाम निवडल्यासारखी दिसतात. पाण्याचा जग, मीठ आणि वाढायचे चमचे टेबलाच्या दोन्ही टोकांना ठेवल्यास पाहुण्यांना हवे ते स्वतः घेता येते आणि यजमानाला सारखे उठावे लागत नाही. हात पुसायचे रुमाल थोडे जास्तच काढून ठेवावेत, विशेषतः मुले येणार असतील तर.