चारचौघांत बोलताना आवाज थरथरत असेल तर: टोस्टमास्टर्समध्ये मला लागू पडलेला क्रम

लक्षण: बैठकीत बोलायला उठलं की घशाला कोरड, आवाजाला कंप आणि दोन वाक्यांनंतर डोकं कोरं. आरशासमोर सराव, पाठांतर, दीर्घ श्वास सगळं केलं. समोर माणसं आली की उपयोग शून्य. फार वैताग आला होता.

सुटका टोस्टमास्टर्स क्लबात झाली, म्हणजे जिथे सभासद एकमेकांसमोर भाषणाचा सराव करतात; पण क्रम महत्त्वाचा. आधी पाहुणे म्हणून जा. बोलायची सक्ती नसते. सभासद झाल्यावर पहिल्यांदा टायमरचं, म्हणजे भाषणांची वेळ मोजण्याचं काम मागा. उभं राहून ठरलेली मोजकी वाक्यं बोलायची, आशयाची चिंता नाही. मग ‘आ-काउंटर’ व्हा. इतरांचे ‘अं’, ‘म्हणजे’ मोजताना दिसतं की मुरलेले वक्तेही अडखळतात आणि कुणाचं काही बिघडत नाही. माझी भीती खरी इथेच सैल झाली.

त्यानंतर टेबल टॉपिक्स, आयत्या विषयावर १ ते २ मिनिटं. हिरवा दिवा १ मिनिटाला लागतो, पिवळा दीडला, लाल २ ला. हिरव्यापर्यंत टिकायचं, एवढंच ठरवा.

‘आइसब्रेकर’, म्हणजे स्वतःविषयीचं ४ ते ६ मिनिटांचं भाषण, शेवटी घ्या. पाठ करू नका; कागदावर पहिलं वाक्य आणि तीन मुद्दे पुरतात. मूल्यमापकाला, म्हणजे भाषणावर अभिप्राय देणाऱ्या सभासदाला, आधीच सांगा: आवाजाकडे लक्ष द्या.

इंग्रजीचं दडपण असेल तर मराठीत चालणारे क्लबही आहेत.