सेकंडहँड गाडीचा भाव करताय? डीलरसमोर या चुका टाळा

यार्डात पाऊल टाकलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "साहेब, बजेट किती आहे?" पाण्याचा ग्लास त्यानंतर येतो. बजेटचा आकडा तोंडातून गेला की तुम्हाला दाखवलेली प्रत्येक गाडी नेमकी त्या आकड्याच्या वीस-पंचवीस हजार वरच निघते. मॉडेल कोणतं, पासिंग कोणत्या वर्षापर्यंतचं चालेल, पेट्रोल की सीएनजी, एवढंच सांगा. पैशाचं बोलणं गाडी खालून-वरून बघून झाल्यावर.

अर्थात खरं नुकसान इथे होत नाही. डीलर भावात वीस हजार सोडतो आणि ट्रान्सफर, विमा, लोन यांतून पंचवीस काढतो. म्हणून "गाडीचे इतके, बाकीचं नंतर बघू" अशी भाषा सुरू झाली की एकच विचारायचं: "माझ्या नावावर होऊन गाडी घरी जाईपर्यंत एकूण किती?" जी काही घासाघीस करायची ती या आकड्यावर.

शोरूमचा आजचा भाव माहीत नसणं

"मालकाला ही ऑन रोड साडेनऊ लाखांना पडली होती." पडली असेल. मालकाने तेव्हा किती मोजले याच्याशी आपला संबंध नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि वरचा सेसही गेला. छोट्या म्हणजे चार मीटरच्या आतल्या, पेट्रोल असेल तर १२०० सीसीपर्यंत, डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. नवीच गाडी स्वस्त झाली, तर जुनीचा भाव जुन्या किमतीवरून कसा धरायचा? शोरूममधून त्याच मॉडेलचं ताजं कोटेशन घ्या आणि ते खिशात ठेवून यार्डात जा.

आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्षही असतं, तेही बघा. २०१९ मध्ये बनलेली गाडी मार्च २०२० ला पास झाली की यार्डात ती "२०२० ची" होते. अशा गाडीबाबत आणखी एक खात्री करा: बीएस-६ या प्रदूषणाच्या निकषाची सक्ती १ एप्रिल २०२० पासून आहे, त्यामुळे त्याआधी पासिंग झालेली गाडी जुन्या बीएस-४ निकषाची असू शकते.

गाडी कोणाची आहे, हेच न विचारणं

यार्डात उभी असलेली प्रत्येक गाडी डीलरने विकत घेतलेली नसते. बऱ्याच गाड्या 'पार्क अँड सेल'च्या असतात. मालकाने आपली किंमत सांगून गाडी आणून लावलेली असते आणि डीलरला मधलं कमिशन मिळतं. अशा गाडीवर डीलरशी कितीही हुज्जत घाला, तो स्वतःचं कमिशन सोडणार नाही. फोन मालकाला लावायला सांगा. डीलरने स्वतः घेतलेली गाडी असेल तर त्याचे पैसे तिच्यात अडकलेत, आणि जितके दिवस ती उभी तितका तो नरम. जाहिरात कधी टाकली होती ते बघा. स्टार्टर मारताना बॅटरी कुरकुरली तर गाडी बरेच दिवस जागची हललेली नाही, असं समजायला जागा आहे.

एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओकडून ऑथरायझेशन घ्यावं लागतं. गाडी मालकाकडून डीलरच्या ताब्यात आली की फॉर्म २९सी भरून तशी ऑनलाइन नोंद होते. सर्टिफिकेट आणि ती नोंद दाखवा म्हणा. टाळाटाळ झाली तर निदान आरसीवरच्या मालकाशी स्वतः बोलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

"थोडं कमी करा ना" म्हणणं

थोडं म्हणजे किती? मोघम मागणीला मोघम उत्तर मिळतं: "तुमच्यासाठी दोन हजार कमी." दोष दाखवा आणि त्याच्यापुढे रुपये लिहा. टायरच्या कडेला लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी खोल दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं. साध्या हॅचबॅकचे चारही टायर बदलायचे तर सोळा-वीस हजार धरा. क्लच वर आलाय का, एसी गार करतो का, सस्पेन्शनचा खडखडाट आहे का, हे सगळं ओळखीच्या मेकॅनिककडून बघून घ्या. मात्र त्याला आधीच सांगून ठेवा, दोष डीलरसमोर बोलायचे नाहीत. त्याच्या कागदावरची बेरीज हाच तुमचा मुद्दा.

काही दोष मात्र भाव करण्याचे नसतातच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. आतल्या टोकाला गाळाचा पट्टा, सीटखालच्या रुळांना गंज आणि कार्पेट उचलल्यावर कुबट वास असेल तर ती पाण्यात बसलेली गाडी आहे. बॉनेट आणि फेंडरच्या बोल्टवर पान्याचे व्रण दिसले तर एप्रन (बॉनेटखालचा आतला पत्रा) आणि पिलर (छत पेलणारे खांब) नीट तपासा. तिथे वेल्डिंग असेल तर लाखभर कमी केले तरी नमस्कार करून निघावं. मीटरवर कमी किलोमीटर दिसत असतील तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा रेकॉर्ड मागा. बहुतेक वेळा खरा आकडा तिथे सापडतो.

हप्त्यावर सौदा करणं

"शेठ, हप्ता बसतोय ना? मग झालं!" हे वाक्य सगळ्यात महाग पडतं. चार लाखांचं कर्ज, व्याज १४ टक्के. तीन वर्षांसाठी हप्ता येतो साधारण १३,६७० रुपये. पाच वर्षं केली की तोच ९,३१० च्या आत. ऐकायला गोड, पण एकूण परतफेड सहासष्ट हजारांनी वाढली. तुम्ही घाम गाळून कमी करून घेतलेले पंधरा हजार यात कुठे गेले ते दिसतही नाही. लोनची चौकशी आधी आपल्या बँकेत करा आणि डीलरला रोखीचाच भाव विचारा. जुनी गाडी एक्स्चेंजला द्यायची असेल तर तिचा विषय नव्या सौद्याचा आकडा पक्का झाल्यावरच काढा. दोन्ही एकत्र बोललात की एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने जातं.

कागदांना फुकट समजणं

"इन्शुरन्स चालू आहे, ५० टक्के एनसीबी आहे," असं सांगून किंमत वर धरली जाते. एनसीबी म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूट (नो क्लेम बोनस); ती मालकाची असते, गाडीची नसते. पॉलिसी तुमच्या नावावर होताना ती सूट निघून जाते आणि फरक तुम्हाला भरावा लागतो. पॉलिसी १४ दिवसांच्या आत नावावर करायचा अर्ज द्या, नाहीतर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो.

बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि तो बोजा उतरवायचा फॉर्म ३५, ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३०, थकलेली ई-चलनं, २०१९ च्या एप्रिलआधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) लागलीय का. यातला प्रत्येक खर्च कोणाच्या खिशातून, हे भावातच ठरू द्या. आणि पूर्ण किमतीवर "१८ टक्के जीएसटी वेगळा" असं कोणी म्हणालं तर हसून उठा. जुन्या गाडीच्या व्यापारात हा कर साधारणपणे डीलरच्या फरकावर असतो. चार लाखांना घेऊन साडेचारला विकली, तर कर पन्नास हजारांवर.

घाईत इसार देणं

"आत्ता एक पार्टी येतेय, टोकन टाका." दसरा-पाडव्याच्या तोंडावर ही पार्टी हमखास येते. पितृपक्षात मात्र ती कुठे गायब होते कोण जाणे! तुम्हाला मुहूर्ताचं बंधन नसेल तर त्या पंधरवड्यात यार्डं ओस असतात आणि डीलर बोलायच्या मनःस्थितीत असतो.

इसार दिलाच तर थोडा द्या, ऑनलाइन द्या आणि पावतीवर गाडीचा नंबर, ठरलेली एकूण रक्कम, त्यात काय काय धरलंय आणि तपासणीत खोट निघाली तर पैसे परत, हे लिहून घ्या. ताबा घेताना डिलिव्हरी नोटवर तारखेसोबत वेळही हवी. त्या दिवशी सकाळी साडेदहाला सिग्नल तोडल्याचं चलन आलं, तर ते कोणी भरायचं हे त्या वेळेवरूनच ठरतं.